आधी मंजुरी, मग पाया



उसाचे बिल हातात आले की आपल्याकडे तीन कामे निघतात : मुलीचे लग्न, पाइपलाइन आणि घर. पहिल्या दोन कामांत आपण दहा जणांना विचारतो. घराच्या बाबतीत मात्र गवंड्याला विचारले की झाले. नारळ फोडला, कुदळ मारली, पाया भरला. परवानगीचे कुणी विचारले तर उत्तर ठरलेले, "माझ्या जागेत मी बांधतो, कुणाची परवानगी?" या उत्तराबद्दलच चार शब्द लिहायचे आहेत.

माझी थोरली बहीण भिवंडी तालुक्यात खारबावला दिली आहे. वसई-दिवा रेल्वेमार्गावरचे हे गाव, शेती भाताची. दाजींनी घरामागे चार खोल्या काढायचे ठरवले आणि गावातच काम भागेल या समजुतीने पाया घेतला. काम जोत्यावर आल्यावर पैसे कमी पडले म्हणून बँकेत गेले. बँकेने पहिला कागद मागितला तो मंजूर आराखड्याचा. तेव्हा चौकशी झाली. भिवंडीभोवतालच्या 60 गावांसाठी 2007 साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एमएमआरडीए, हे विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले गेले, त्यात खारबावही आले. म्हणजे मंजुरीचे दार गावाबाहेर गेले होते आणि दाजींनी ते विचारलेच नव्हते. कर्ज अडकले, जोते दोन पावसाळे तसेच भिजले. "अहो, मी तर घरपट्टी भरतोय," दाजी म्हणत होते.

इथेच आपल्यापैकी बरेच जण फसतात. घरपट्टी ही कराची पावती आहे, बांधकामाची मंजुरी नव्हे. नमुना 8 ला नाव लागले म्हणून विनापरवाना घर कायदेशीर होत नाही.

आपल्याकडे एमएमआरडीए नाही हे खरे. पण कायदा तोच, 1966 चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा. डिसेंबर 2020 मध्ये राज्याच्या बहुतेक भागाला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. त्यानंतर ग्रामीण भागात 1600 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर परवान्याची अट सैल झाली आणि 3200 चौरस फुटांपर्यंतचे काम ग्रामपंचायतीकडे आले. लोकांनी त्यातले "परवानगी नको" एवढेच ऐकले. मालकीचा कागद, मोजणीचा नकाशा, आराखडा, परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि विकास शुल्काची पावती, हे त्यात सुटलेले नाही.

अभियंत्याचा दाखला म्हणजे नुसता खर्च, असेही काही जण म्हणतात. भिवंडीजवळच्या वळ गावात 29 एप्रिल 2023 रोजी खाली गोदाम आणि वर वस्ती असलेली इमारत कोसळून आठ माणसे गेली. वर किती भार चढणार आणि तो पाया पेलणार का, हे बांधण्याआधी जाणत्या माणसाने तपासलेच पाहिजे. त्यात काटकसर नको.

उसाचे उदाहरण घ्या. लागणीची नोंद न करता ऊस लावला, तर तोडीच्या वेळी चिटबॉयच्या मागे कोण हिंडतो? आपणच. नोंदीला अर्धा दिवस जातो, न केलेली नोंद अख्खा हंगाम खाते. घराचेही तसेच आहे.

मात्र सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे मला पटत नाही. कुठल्या जागेला कुठल्या कचेरीची मंजुरी, हे गावात कुठे लिहिलेले दिसत नाही. शेतकरी चार खेपा घालतो आणि कंटाळून कुदळ मारतो. प्रत्येक ग्रामपंचायतीबाहेर एक फलक हवा : मंजुरी कोण देणार, कागद कोणते, शुल्क किती. ग्रामसभेत ही मागणी आपणच करायला हवी. आपल्या गट ऑफिसात महिन्यातून एक दिवस परवानाधारक अभियंता बसवावा, अशी माझी संचालक मंडळाला नम्र सूचना आहे. बेणे आणि खताइतकाच हा सल्लाही सभासदाच्या उपयोगाचा आहे.

तोवर तीन गोष्टी सांभाळा. पाया आखण्याआधी मोजणी करून घ्या, म्हणजे शेजारच्या भावकीशी वाद उरणार नाही. अर्ज लेखी द्या आणि तारखेची पोच घ्या. नियोजन प्राधिकरणाने 60 दिवसांत काहीच कळवले नाही, तर नियमात बसणाऱ्या आराखड्याला मंजुरी मिळाली असे कायदा मानतो, पण पोच नसेल तर दिवस मोजायचे कुठून? आणि मंजुरीची मुदत एक वर्षाची असते, काम सुरू झाले नाही तर ती वेळेत वाढवून घ्या.

दाजींनी शेवटी रीतसर अर्ज केला. जे कागद आधी पंधरवड्यात जमले असते, त्यांच्यापायी दोन वर्षे गेली. घर पिढ्यान्‌पिढ्यांचे असते. त्यासाठी एक महिना थांबायला हरकत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी