फलकाशेजारी मटकीही हवी
जुलै 2025 मध्ये नागपूरच्या एम्सच्या निमित्ताने समोसा-जिलेबीवर इशारे लागणार, या बातमीवरून गदारोळ उठला. गरिबांच्या नाश्त्यावरच डोळा का, हा सवाल रास्त होता. पण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेरीवाल्यांच्या पदार्थांवर इशारे लावायला सांगितलेच नव्हते. सूचना होती ती कार्यालयांत तेल-साखरेचे फलक लावण्याची, आणि ते हवेतच. तर्रीवरचा तेलाचा तवंग निदान दिसतो तरी; 300 मिलिलिटर कोलातली जवळपास सात चमचे साखर दिसतच नाही. देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे आयसीएमआरचा 2023 चा अभ्यास सांगतो. नुसत्या फलकाने सवय सुटत नाही, हेही खरे. म्हणूनच त्या कार्यालयांच्या कँटीनमध्ये, समोशाच्याच दरात, मोड आलेली मटकी आणि ज्वारीची भाकरी रोज मिळाली पाहिजे, आणि तीही दुपारी संपून न जाता.