भाग तिसरा, गोष्ट तीच

हल्ली सिनेमाच्या नावापुढे आकडा नसला, तर नाव अर्धवट छापलंय की काय असं वाटतं. 2024 च्या दिवाळीत, 1 नोव्हेंबरला, ‘सिंघम अगेन’ आणि ‘भूल भुलैया 3’ एकाच दिवशी आले. 2025 च्या जूनमध्ये ‘हाऊसफुल 5’ आला, तोही दोन वेगवेगळ्या शेवटांसह. म्हणजे एका खेळात खुनी एक, दुसऱ्या खेळात दुसराच. मराठीतही ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे तीन भाग झाले, ‘टाइमपास’चे तीन झाले आणि 2004 च्या ‘नवरा माझा नवसाचा’चा दुसरा भाग वीस वर्षांनी आला.

आमच्या जालना एमआयडीसीच्या वस्तीत एका भाभींनी अशाच एका ‘पुढच्या भागा’बद्दल सांगितलं, “बच्चे को बाहर घुमा के लायी, फिर भी कुछ छूटा नै.” अर्धा तास बाहेर राहूनही काही चुकत नसेल, तर आत बसलेल्यांना तरी काय मिळालं?

वाचक भगिनींनो, आपल्यापैकी काही घरांत सिनेमा पाहिलाच जात नाही, याची मला जाणीव आहे. पण थिएटरला न जाणाऱ्या घरातही मोबाइल आहे आणि मोबाइलमध्ये हेच सिनेमे तुकड्यातुकड्याने येतात. आपली मुलं कोणत्या गोष्टी ऐकत मोठी होताहेत, हा प्रश्न सगळ्याच घरांचा आहे.

आधी एक गोष्ट मान्य करू. लोक कंटाळलो म्हणतात आणि तिकीट मात्र त्याचंच काढतात. 2024 मध्ये ‘स्त्री 2’ आणि ‘पुष्पा 2’ यांनी जी गर्दी खेचली, ती दुसऱ्या भागांचीच होती. मग कंटाळा खोटा का? तसं नाही. भट्टीवर किंवा रोलिंग मिलमध्ये शिफ्ट करणाऱ्या माणसाचा हिशेब करून पाहा. पाच जणांचं कुटुंब, रिक्षा, तिकिटं, मध्यंतरात मुलांचा हट्ट. एका संध्याकाळी हजार-दीड हजार सहज जातात. असा खर्च वर्षातून एक-दोनदाच झेपतो. तेव्हा तो माहीत नसलेल्या सिनेमावर कोण लावेल? शिवाय सासरे आणि मुली एकाच रांगेत बसलेल्या असताना पडद्यावर काय येईल याची धास्ती असते. ओळखीचं नाव म्हणजे निदान फसवणूक नाही, एवढा दिलासा.

निर्मात्याचा हिशेबही हाच आहे, फक्त त्याचे आकडे कोटींत आहेत. त्याला तोट्याची भीती, आपल्याला पैसे वाया जाण्याची. दोन्हीकडच्या भीतीने मिळून हे आकडे वाढवले आहेत.

पण एकच पात्र पुन्हा पुन्हा आणणं हा मुळात गुन्हा नाही. मी उर्दू शिकवते, म्हणून मला हे ठामपणे सांगता येतं. अमीर हमजाची दास्तान लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने छापली, तेव्हा तिचे 46 खंड झाले. इब्ने सफी यांनी 1952 मध्ये ‘जासूसी दुनिया’ आणि 1955 मध्ये इमरानची मालिका सुरू केली. आपल्या आजोबांच्या पिढीने ती पुस्तकं दुकानातून भाड्याने आणून, उशीखाली लपवून वाचली. मराठीत बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांची नावं तेव्हा मुलांच्या तोंडी होती.

त्या वाचकांना कंटाळा का आला नाही? इब्ने सफींच्याच आयुष्यात याचं उत्तर सापडतं. 1960 ते 1963 या काळात ते आजारी होते आणि त्यांचं लिखाण थांबलं होतं. तेवढ्यात त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन नकली लेखक बाजारात आले. इमरान तोच, कपडे तेच, विनोदाचा थाटही तोच. पण वाचकांनी त्या नकलांना आपलं मानलं नाही. 1963 मध्ये ‘डेढ़ मतवाले’ घेऊन खुद्द इब्ने सफी परतले, तेव्हा त्या पुस्तकावर लोकांच्या उड्या पडल्या. पात्र जुनं असलं तरी चालतं, पण त्या पात्रावर या वेळी काय बेतणार आहे ते नवं लागतं. आजचे अनेक ‘भाग’ नाव विकतात आणि गोष्ट लिहायची राहून जाते. लोक थकलेत ते याला.

जालन्याच्या माणसाला हे बियाण्यावरून चटकन कळेल. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिकोची स्थापना याच गावात केली आणि आज जालना बियाण्यांसाठी देशभर ओळखलं जातं. इथला कोणताही शेतकरी सांगेल, संकरित वाण पहिल्या वर्षी भरघोस पिकतं. पण त्याच पिकातलं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं, तर झाडं एकसारखी येत नाहीत आणि उतारा घटतो. चांगलं बी हवं असेल तर मूळ वाण जपावे लागतात आणि दर वर्षी नव्याने संकर करावा लागतो. सिनेमावाले मात्र गेल्या वर्षीच्या पिकातलंच बी पेरत सुटलेत.

आता आपल्याच महाराष्ट्रातलं एक उदाहरण पाहू, मालेगावचं. यंत्रमागाच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी पंचवीस वर्षांपूर्वी मित्रांना गोळा करून ‘मालेगाव के शोले’ काढला. नंतर ‘मालेगाव का सुपरमॅन’ आला. त्यात सुपरमॅन झाला शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, अंगाने अगदी किरकोळ माणूस. क्रेन नव्हती म्हणून बैलगाडीवरून कॅमेरा वर चढवला. फैजा अहमद खान यांनी या साऱ्या धडपडीवर 2008 मध्ये माहितीपट केला, तो देशोदेशी पाहिला गेला. शफीक पुढे कर्करोगाने गेला.

हेही नक्कलच होतं, असं कुणी म्हणेल. होतं. पण मालेगावकर ज्यावर पोट धरून हसत, ते मुंबईच्या किंवा अमेरिकेच्या सिनेमातलं नव्हतं. ते त्यांच्या गल्लीतलं होतं, त्यांच्या बोलीतलं होतं. नकलेच्या सांगाड्यात त्यांनी स्वतःचं गाव भरलं होतं.

2025 च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ याच मंडळींवर आला. त्यातला फरोग हा लेखक नकला लिहून कंटाळतो. त्याला स्वतःची गोष्ट सांगायची असते आणि त्यावरून मित्रांत भांडण होतं. हा सिनेमा थिएटरात मोठी गर्दी खेचू शकला नाही. अनेकांनी तो नंतर मोबाइलवर पाहिला. नव्या गोष्टीची भूक सांगणारा सिनेमाच गर्दीवाचून उतरला, याचा विचार आपण प्रेक्षकांनीही करायला हवा.

कारण यात नुकसान आपलंच आहे. ठरावीक साच्याच्या सिनेमात मुसलमान माणसाची जागाही ठरलेली असते. एक तर बंदूक घेतलेला, नाही तर नायकासाठी जीव देणारा दोस्त. साचा जितक्या वेळा वापरला जातो, तितका तो घट्ट होत जातो आणि पाहणाऱ्याला तोच माणूस खरा वाटू लागतो. साचा मोडतो तो नवी गोष्ट आल्यावर. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मधला सल्या आठवा. मराठी बोलणारा, दोस्तांत रमणारा एक पोरगा, बस. तो मुसलमान आहे म्हणून त्याला काही सिद्ध करावं लागत नाही. 2016 मध्ये तो सिनेमा आला तेव्हा नायक-नायिका दोघंही नवखे होते, तरी तोपर्यंतचा सर्वाधिक कमाईचा मराठी सिनेमा तोच ठरला. मग इतरांनी त्याच्याही नकला काढल्या. हिंदीतला ‘धडक’ त्यातलाच. 2025 मध्ये नीरज घेवान यांच्या ‘होमबाउंड’मध्ये शोएब आणि चंदन ही दोन मुलं पोलीस भरतीच्या मागे धावताना दिसली. अशी मुलं आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत, पण पडद्यावर ती क्वचितच येतात.

वर्गात मला याचं दुसरं टोक दिसतं. कथालेखनाला मुद्दे दिले की बहुतेक मुलं मारामारी लिहितात, नायक उडतो, गाड्या पेटतात. यंदा मी मुद्देच दिले नाहीत. म्हटलं, आपल्या गल्लीत घडू शकेल असं लिहा. नववीतल्या एका मुलीने लिहिलं, बहिणीचा निकाह आणि नळाला पाणी येण्याचा दिवस एकच निघाला. पाणी किती दिवसांनी येतं हे जालन्यात कुणाला सांगायला नको. काजीसाहेब बसलेत आणि “पानी आया!” अशी हाक येते. अर्ध्या बायका हंडे घेऊन उठतात, नवरदेवाची फूफीही. मुलीने एवढं वाचलं आणि वर्ग हसून लोटपोट झाला. मग मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “फिर क्या हुआ?”

गोष्ट नवी आहे की नाही, हे ओळखायला मला हा एक प्रश्न पुरतो. ‘भाग तिसरा’ पाहताना तो कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना पाठ असतं.

म्हणून दोन साधी कामं सुचवते. वर्षातून तीन सिनेमे पाहत असाल, तर त्यातला एक तरी आकडा नसलेला निवडा. आधी कुणाकडून तरी चौकशी करा, म्हणजे घरच्यांसोबत बसताना धास्ती राहणार नाही. आवडला तर त्याच आठवड्यात शेजारणीला सांगा. अशा सिनेमाला मोठी जाहिरात परवडत नाही आणि भट्टीवाल्याची सुट्टी येईपर्यंत तो थिएटरातून उतरलेलाही असतो. दुसरं काम बिनखर्चाचं आहे. रात्री जेवणानंतर मुलांना घरातली एखादी खरी हकीकत सांगा. दादा या गावात कामाला कसे आले, नानींनी पहिलं शिलाई मशीन कसं घेतलं, असं काहीही. अर्ध्यावर थांबा आणि पुढचं त्यांना रचू द्या. उद्याचे फरोग कुठल्या तरी घरातूनच येणार आहेत, ते आपल्या घरातून का येऊ नयेत?