मजुराची चूक पहिल्या वेलीवरच सांगा



द्राक्षाची विरळणी सुरू झाली की बांधावर एकच तक्रार ऐकू येते, "मजूर नीट काम करत नाहीत." पण नीट म्हणजे कसं, हे त्यांना सांगितलं कोणी?

बहुतेक ठिकाणी होतं असं. पेठ-सुरगाण्याकडची टोळी येते, एकरी उक्तं ठरतं, मालक फवारणीच्या मागे लागतो. चूक दिसली तरी बोलत नाही. टोळी रागावून दुसऱ्याच्या बागेत गेली तर? मग हिशोबाच्या दिवशी आरडाओरडा आणि पैसे कापणं. तोवर घडाचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. कात्रीचं टोक लागलेला मणी डागाळतो, पुढे पाणी उतरल्यावर सडतो आणि शेजारचे मणीही खराब करतो. दाटी राहिली तर निर्यातीला लागणारी १६-१८ मिमीची फुगवण मिळत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. गप्प बसणं म्हणजे चांगुलपणा नाही. सांगायचं ते पहिल्या अर्ध्या तासात, पहिल्याच वेलीवर सांगा. सगळ्यांसमोर नको, मुकादमामार्फत निरोप नको. शेजारी उभं राहून एक घड स्वतः विरळून दाखवा. "मावशी, हात चांगला चालतो तुमचा. फक्त इथं मण्याला टोक लागतंय बघा, कात्री देठाशी धरा." एवढं पुरतं. "तुम्हाला काही कळत नाही" म्हटलं की माणूस दुखावतो, "या घडात दाटी राहिली" म्हटलं की काम सुधारतं.

आणि त्यांचंही ऐका. कात्री बोथट आहे, वर बघून मान धरली, हे बाई आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. शिवाय उक्त्यात जितकी घाई तितका रोज जास्त पडतो. बारीक काम हवं असेल तर दर तसा धरा, नाहीतर रोजाने लावा.

कोणी म्हणेल, सांगूनही ऐकत नाहीत. मग दुसऱ्यांदा सांगा. तरीही जमत नसेल तर त्या माणसाला पानं काढायला लावा. पण जी चूक दाखवलीच नाही तिचे पैसे कापू नका. पोट हातावर असलेल्या माणसाला ते फार लागतं, आणि पुढच्या छाटणीला तीच टोळी फोन उचलत नाही.

तुमच्या बागेत कशी पद्धत आहे, सांगा.