ती लीग कोणती, ते आधी सांगा!

आपल्याकडे कुणी "मी टॉपर होतो" म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कुठल्या कॉलेजला?" नाव ऐकलं की भुवई वर जाते नाहीतर तोंड वाकडं होतं, आणि विषय संपला. मार्कशीट कोण बघतंय? या सवयीची चांगलीच किंमत मोजलेली मंडळी मला भेटली ती 1950 सालच्या अमेरिकेत, तेही त्यांच्या फुटबॉलमध्ये. (नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातात! असो.)

क्लीव्हलँड ब्राउन्स हा संघ 1946 मध्ये एका नव्या लीगमध्ये उतरला. लीगचं नाव ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स. ती चालली चार वर्षं आणि चारही वर्षं विजेते ब्राउन्सच. 1948 ला तर फायनल धरून 15 पैकी 15 सामने जिंकले. पण जुनी आणि मानाची लीग होती एनएफएल, आणि तिथल्या बऱ्याच जणांच्या लेखी हा दुबळ्या लीगमधला दादा. 1949 च्या मोसमानंतर नवी लीग बंद पडली आणि तिचे तीन संघ एनएफएलने आत घेतले : ब्राउन्स, सॅन फ्रान्सिस्को आणि बाल्टिमोर.

मोसमाचा पहिलाच सामना ठेवला तो लागोपाठ दोनदा चॅम्पियन झालेल्या फिलाडेल्फिया ईगल्सशी. तारीख 16 सप्टेंबर 1950. म्हणजे फ्रेशर्सची रॅगिंग बघायला सत्तर हजारांवर पब्लिक! निकाल : ब्राउन्स 35, ईगल्स 10. क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहमने पासवर पास टाकून ईगल्सच्या बचावाची पार चाळण केली. त्यांचे प्रशिक्षक पॉल ब्राउन म्हणजे आपल्या कडक सरांसारखेच. खेळाडूंना वर्गात बसवून नोट्स उतरवून घ्यायला लावायचे, लेखी परीक्षा घ्यायचे, फिल्म दाखवून चुका काढायचे. ईगल्सच्या प्रशिक्षकांनी नंतर टोमणा मारला की हे तर बास्केटबॉल खेळतात, नुसता चेंडू फेकतात. डिसेंबरमध्ये दोघे पुन्हा भेटले, तेव्हा ब्राउन्सने अख्ख्या सामन्यात (निदान अधिकृत नोंदीत तरी) एकही पास टाकला नाही. आणि तरी 13-7 ने जिंकले. याला म्हणतात उत्तर!

आता कुणी म्हणेल, बाकीच्या दोघांचं काय? खरं आहे. सॅन फ्रान्सिस्कोने 12 पैकी 3 सामने जिंकले, बाल्टिमोरने फक्त 1. म्हणजे नवी लीग दुबळी होती, हे अगदीच खोटं नव्हतं. पण सरासरी वर्गाची असते हो, रोल नंबरची नसते. एवढं तर आपल्याला एम-थ्री न सुटताही कळतं.

मला सगळ्यात आवडतो तो भाग वेगळाच आहे. त्या मोसमात ब्राउन्सला हरवलं फक्त एका संघाने, न्यूयॉर्क जायंट्सने, आणि तेही दोनदा. 6-0 आणि 17-13. त्यांचे प्रशिक्षक स्टीव्ह ओवेन यांनी ग्रॅहमचे पास अडवण्यासाठी 'अम्ब्रेला' नावाची खास बचावरचना लावली. त्या छत्रीच्या चार काड्यांपैकी टॉम लँड्री, ओटो श्नेलबाखर आणि हार्मन रो हे तिघं आले होते कुठून? त्याच बंद पडलेल्या लीगमधून! ब्राउन्सशी ते आधीच खेळले होते. नाव ठेवणारे हरले. ज्यांनी नीट अभ्यास केला आणि त्याच 'दुबळ्या' लीगमधली माणसं कामाला लावली, ते जिंकले.

हे वाचताना मला आपले डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला येणारे मित्र आठवले. प्रॅक्टिकलच्या ग्रुपमध्ये त्यांना घ्यायला पहिल्या महिन्यात कुणी तयार नसतं, आणि वर्कशॉपमध्ये लेथ सुरू करायची वेळ आली की सगळे त्यांच्याच मागे. ग्रुप पाडणाऱ्या सरांनीही यादी करताना याचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

असो. मोसमाच्या शेवटी ब्राउन्स आणि जायंट्स बरोबरीत आले, म्हणून प्लेऑफ झाला. कडाक्याच्या थंडीत ब्राउन्स 8-3 ने जिंकले. त्यात गोलरेषेकडे सुसाट निघालेल्या जायंट्सच्या खेळाडूला बिल विलिसने मागून पळत जाऊन पाडलं. विलिस आणि मॅरियन मोटली हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू 1946 पासून ब्राउन्समध्ये होते. जॅकी रॉबिन्सन मेजर लीग बेसबॉलमध्ये उतरला तो त्याच्या पुढच्या वर्षी!

फायनल 24 डिसेंबरला, लॉस एंजेलिस रॅम्सशी. हे रॅम्स मूळचे क्लीव्हलँडचेच, 1945 चं विजेतेपद घेऊन लगेच गाव सोडून गेलेले. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा ब्राउन्स 27-28 असे मागे. ग्रॅहमने चेंडू पुढे पुढे नेला आणि अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला असताना लू ग्रोझाने किक मारली. 30-28. मानाच्या लीगमध्ये पहिल्याच वर्षी विजेतेपद.

1948 चे ते 15 विजय मात्र एनएफएलच्या विक्रमांत पुढे कित्येक दशकं धरलेच गेले नाहीत. कारण? ती लीग कोणती होती!