मामा, गाडी कोणती घेऊ?

परवा मूलहून भाचा आला. हातात तीन-चार गाड्यांची रंगीत माहितीपत्रकं. म्हणाला, "मामा, मोठीच घ्यायची म्हणतो. आपल्याकडचे रस्ते जंगलाचे, खड्ड्यांचे. लहान गाडी टिकते का इथे?" चहा संपल्यावर हळूच पुढचं सांगितलं. पैसे कमी पडतात, म्हणून दोन एकर धानाचं शेत विकायचा विचार आहे. बहिणीने त्याला माझ्याकडे का पाठवलं, ते तेव्हा लक्षात आलं.

मंडळी, मास्तरकी संपून बरीच वर्षं झाली, पण सवय जात नाही. वही काढली आणि गणित मांडलं. आठवड्यातून दोनदा चंद्रपूर, अधूनमधून गडचिरोली, म्हणजे वर्षाला १०,००० किलोमीटर. लहान गाडी लिटरला २० देते असं धरलं तर ५०० लिटर पेट्रोल. मोठी साडेबारा देते धरलं तर ८००. फरक ३०० लिटरचा. शंभर रुपये लिटर धरलं तरी वर्षाला ३०,०००, आणि कर्जाच्या सात वर्षांत दोन लाख दहा हजार! शिवाय एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे दरवर्षी जवळजवळ ७०० किलो जास्त. आपण चंद्रपूरची माणसं, वीज केंद्राच्या चिमण्या बघत जगतो. त्यापुढे एका गाडीचं काय, असं म्हणणं सोपं आहे. पण उन्हाळ्यात पारा ४७-४८ वर जातो, तेव्हा तक्रार करणारेही आपणच असतो.

राहिला रस्त्यांचा प्रश्न. माझ्या जुन्या मारुती ८०० मध्ये, म्हणजे ७९६ सीसीच्या इंजिनावर, आम्ही चौघं आलापल्लीच्या जंगलातून हेमलकशापर्यंत जाऊन आलो आहोत. उन्हाळ्यात, सावकाश. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडत आला आहे, आणि पुलावरून पाणी वाहत असताना मोठ्या गाडीनेही जाऊ नये. उंच गाडीमुळे उलट नको ते धाडस सुचतं.

ज्यांना रोज आडवाटेने जावं लागतं, डॉक्टर म्हणा, वनखात्याची माणसं म्हणा, त्यांना जीप हवीच. भाच्याला तशी वेळ वर्षातून एकदा येते. एका दिवसाची गाडी भाड्याने मिळते, त्यासाठी शेत विकायचं?

"अपघात झाला तर?" हा त्याचा प्रश्न मात्र खरा होता. मोठ्या गाडीशी टक्कर झाली तर लहान गाडीला मार जास्त बसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझी ८०० त्या बाबतीत कच्चीच होती. पण आता लहान गाड्यांतही फरक पडला आहे. २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत अल्ट्रोझला पाच तारे मिळाले, टियागोला चार. तारे बघून घे, एअरबॅग बघून घे, एवढंच मी म्हटलं.

आणि एक गोष्ट मास्तर म्हणून सांगितली. उंच बॉनेटमागे बसलं की समोरचं लहान मूल लवकर दिसत नाही. आपल्या रस्त्यांवरून मुलं सायकलने शाळेत जातात, संध्याकाळी चितळ रस्ता ओलांडतात. गाडी घेताना आपण फक्त आत बसणाऱ्यांचा विचार करतो.

खरं सांगायचं तर एके काळी मलाही सुमोची भारी हौस होती. परवडली नाही म्हणून शहाणा ठरलो! तेव्हा त्याला मी नावं ठेवत नाही.

असो. भाचा जरा रुसूनच गेला. जाताना माहितीपत्रकं इथेच विसरला, पण गणिताचं पान मात्र वहीतून फाडून घेऊन गेला. बहिणीचा अजून फोन नाही. शेत राहील, अशी आशा आहे.