पेटीचे वजन

गेल्या भाऊबिजेला आम्ही पहूरला बहिणीकडे गेलो होतो. जळगावहून अजिंठ्याला जाताना वाटेत वाघूर नदीच्या काठी पहूर पेठ आणि पहूर कसबे अशी जोडगावे लागतात, हे लेणी पाहायला निघालेल्या फार थोड्यांच्या लक्षात राहते; ते तिथे चहा पितात आणि पुढे जातात. पूर्वी पाचोरा-जामनेरची छोट्या रुळांची गाडी पहूरला थांबे. ती २०२० साली बंद पडली, तेव्हा आम्ही एस.टी.ने गेलो.

ओवाळून झाले, फराळ झाला, आणि आता लोडाला टेकावे तोच अंगणातून हाक आली, "मामा, जरा हात लावता का?"

आमचा भाचा लग्नसमारंभात वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. गिटार ही खांद्याला अडकवून न्यायची वस्तू, असा आमचा समज होता. पण विजेच्या गिटारला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. तो मोठा करायला ॲम्प्लिफायर नावाची पेटी लागते, आणि हात लावायचा होता तो तिला. लावला. पेटी जागची हलली नाही. "राहू द्या, राहू द्या," म्हणत दाजी पुढे झाले आणि बापलेकांनी ती टेम्पोत चढवली. मग दाजी टेम्पोच्या आडोशाला जाऊन, कमरेवर हात दाबून, उगाच आकाश पाहत राहिले.

आमची बहीण खिडकीतून पाहत होती. "डॉक्टरांनी दहा किलोच्या वर उचलू नका म्हणून बजावलंय," ती म्हणाली. "उन्हाळ्यात दोनदा अंथरूण धरलं. ऐकतात कुठे! तूच सांग त्याला, लहान पेटी घे म्हणून. तुझं ऐकेल तो."

आमचे कोणी ऐकते, ही बातमी आम्हाला नवी होती.

दुसऱ्या दिवशी धान्याच्या काट्यावर पेटी ठेवली: २९ किलो. फेंडर कंपनीच्या नावाजलेल्या ट्विन रिव्हर्ब पेटीचेही वजन एवढेच असते, ही माहिती भाच्याने अभिमानाने पुरवली. आत जुन्या रेडिओसारखे व्हॉल्व, त्यांना लागणारे लोखंडाचे ट्रान्सफॉर्मर, आणि बारा इंची दोन स्पीकर. शक्ती ८५ वॉट. "आणि लहान पेटी?" तर त्याच कंपनीची डिलक्स रिव्हर्ब २२ वॉटची, एकच स्पीकर, वजन १९ किलो. "पण मामा, चौथा हिस्सा आवाज!"

इथे आमचे शाळेतले पदार्थविज्ञान कामी आले. वॉट चौपट झाले म्हणून आवाज चौपट होत नाही. कानाला दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. वॉटांच्या हिशेबाने त्याची मोठी पेटी लहानीपेक्षा दीडपटच मोठी वाटणार. त्या अर्ध्या पटीसाठी दहा किलो लोखंड, आणि तेही एप्रिल-मेच्या लग्नसराईत, खानदेशच्या उन्हात!

"तू बटण किती फिरवतोस?" आम्ही विचारले.

"तीनपर्यंत. पुढे नेलं की वधूपिता धावत येतो."

म्हणजे पेटी बहुतेक झोपलेलीच असते. गंमत अशी, की व्हॉल्वच्या पेटीचा आवाज तिला थोडे दमवल्यावरच रंगतो. त्यात किंचित खरखर येते आणि तिच्यासाठीच गिटारवाले जीव टाकतात. मोठी पेटी दमेपर्यंत मांडव रिकामा व्हायचा. लहान पेटी मात्र माणसांत राहून दमते. शिवाय पाहुण्यांपर्यंत आवाज पोचवणे हे तिचे कामच नव्हे. तिच्यापुढे माइक ठेवायचा. पुढचे काम मांडवातल्या मोठ्या स्पीकरांचे. पेटी फक्त ड्रमच्या दणक्यात वाजवणाऱ्याला स्वतःची गिटार ऐकू येईल एवढी असावी. १९६५ च्या ऑगस्टात न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सकडे शंभर-शंभर वॉटच्या पेट्या होत्या. पंचावन्न हजार श्रोत्यांच्या किंकाळ्यांपुढे त्यांचे काही चालले नाही.

याहून हलक्याही निघाल्या आहेत. २०१९ साली फेंडरनेच ट्विन रिव्हर्बची व्हॉल्व नसलेली, संगणकाच्या करामतीची आवृत्ती काढली. ती १५ किलोंची आहे. किंमत ऐकून तो विषय आम्ही मिटवला.

भाच्याच्या मनात खरी अडचण वेगळीच होती. "मोठी पेटी पाहिली की लोक आपल्याला मोठे समजतात, मामा." आणि ती पेटी दाजींनी एका वर्षीच्या कापसाच्या पैशातून घेऊन दिली होती. ती विकायची म्हणजे बापाला काय वाटेल?

अखेर जामनेरच्या मित्राची २२ वॉटची पेटी दोन दिवसांसाठी आणली. तिच्याबरोबर त्या मित्राने एक सल्लाही पाठवला होता: जमिनीवर ठेवू नका. स्पीकरचे टोकदार स्वर समोर सरळ जातात. पेटी खाली असली की ते वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांना ऐकू येतात, कानाला नाही. मग तो आवाज वाढवत बसतो. म्हणून लहान पेटी खुर्चीवर मांडली. ड्रमवाला आला, गल्लीतली पोरे जमली. दाजी फाटकापाशी पाठ करून बसले. एकच चाल भाच्याने आधी लहान पेटीवर वाजवली, मग मोठीवर.

"पहिलीच बरी," दाजी न वळता म्हणाले. "दुसरीत नुसता आवाज होता. पहिलीत तू होतास."

परीक्षा न्यायाची नव्हती, हे आम्ही कबूल करतो. मोठी पेटी जमिनीवरच होती. पण निकाल लागला. पहिल्या लग्नतिथीच्या आत मोठी पेटी विकली गेली आणि एक लहान आली. ती भाचा एकटा उचलतो.

त्या रात्री ओट्यावर दाजी बराच वेळ सुपारी कातरीत बसले. मग हळूच म्हणाले, "पेटी उचलायला म्हणून मी सगळीकडे जायचो. आता मला कोण नेणार?"

आमच्याजवळ याला उत्तर नव्हते. पदार्थविज्ञानात तर नव्हतेच.

परवा बहिणीचा फोन आला. विचारले, "दाजी कुठे?" म्हणाली, "कुठे म्हणजे? शेंदुर्णीला लग्न आहे, गेलेत त्याच्याबरोबर. मांडवातल्या खुर्च्या डुगडुगतात म्हणे, पेटी नीट बसत नाही. घरातली घडीची खुर्ची घेऊन जातात. तीन किलोची आहे. मी स्वतः काट्यावर ठेवून पाहिली."