विश्लेषण : पोकरचा बादशहा फिल आयव्ही न्यायालयात का हरला? कौशल्य कुठे संपते आणि फसवणूक कुठे सुरू होते?

जून २०२४ मध्ये लास वेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’मध्ये फिल आयव्हीने अकरावे ब्रेसलेट, म्हणजे या स्पर्धेचे सुवर्णपदक, जिंकले. दहावे त्याने २०१४ मध्ये मिळवले होते. मधल्या दहा वर्षांत आयव्हीचे नाव जितके पोकरसाठी घेतले गेले, तितकेच न्यायालयांतल्या खटल्यांसाठीही. विशेष म्हणजे हे खटले पोकरचे नव्हते.

फिल आयव्ही कोण आहे?

१९७७ मध्ये जन्मलेला आयव्ही अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात वाढला. कॅसिनोत प्रवेशाचे वय होण्याआधीच ‘जेरोम’ या नावाच्या बनावट ओळखपत्रावर तो अटलांटिक सिटीत खेळत असे. पहिले ब्रेसलेट त्याने २००० मध्ये मिळवले. २००२ च्या एकाच हंगामात तीन जिंकली. फेब्रुवारी २००६ मध्ये टेक्सासचे बँकर अँडी बील यांच्याकडून त्याने तीन दिवसांत १ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम जिंकली. २०१७ मध्ये ‘पोकर हॉल ऑफ फेम’मध्ये त्याची निवड झाली.

मग वाद कशावरून झाला?

पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात आणि कॅसिनो फक्त आपले कमिशन कापून घेतो. त्यामुळे समोरच्याची चाल ओळखणारा, कधी डाव सोडायचा हे कळणारा खेळाडू दीर्घकाळात कमावू शकतो. बॅकरॅट, अर्थात ‘पुन्टो बँको’, मात्र कॅसिनोविरुद्ध खेळला जातो. दोन बाजूंपैकी कोणाच्या पानांची बेरीज नऊच्या जवळ जाईल यावर पैसे लावायचे, एवढेच खेळाडूच्या हाती असते. गणित आधीच कॅसिनोच्या बाजूने सुमारे एक टक्का झुकलेले असते.

हे गणित आयव्हीने २०१२ मध्ये उलटवले. लंडनच्या क्रॉकफर्ड्स कॅसिनोत त्याने ७७ लाख पौंड आणि अटलांटिक सिटीच्या बोर्गाटामध्ये चार भेटींत ९६ लाख डॉलर जिंकले.

‘एज सॉर्टिंग’ म्हणजे काय?

काही पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी दोन्ही कडांना अगदी सारखी छापलेली नसते. हा फरक इतका बारीक असतो की सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आयव्हीची सहकारी चेउंग यिन सन हिला तो ओळखता येत असे. ‘शुभ-अशुभ मानतो’ असे सांगून या दोघांनी पाने वाटणाऱ्या डीलरकडून सत्ती, अठ्ठी, नव्वी अशी मोठी पाने एका दिशेला आणि बाकीची दुसऱ्या दिशेला फिरवून घेतली. पत्ते यंत्राने पिसले तर पानांची दिशा बदलत नाही. म्हणून यंत्रानेच पिसायची आणि तेच पत्ते पुन्हा वापरायची विनंतीही केली. पुढच्या फेरीत पहिले पान उलटण्याआधीच ते मोठे की छोटे हे कळू लागले आणि सुमारे साडेसहा टक्क्यांचे पारडे खेळाडूच्या बाजूला झुकले.

न्यायालयांनी काय ठरवले?

क्रॉकफर्ड्सने जिंकलेली रक्कम रोखली आणि १० लाख पौंडांची मूळ ठेव तेवढी परत केली. आयव्ही न्यायालयात गेला. आपण पत्त्यांना हात लावला नाही, कॅसिनोने मान्य केलेल्या विनंत्यांचाच फायदा घेतला, असे त्याचे म्हणणे होते. आपण फसवणूक करत नाही असे त्याला मनापासून वाटत होते, हे न्यायाधीशांनीही मान्य केले. तरीही निकाल त्याच्या विरोधात गेला.

ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. डीलरला अंधारात ठेवून पत्त्यांची रचना बदलून घेणे ही फसवणूकच आहे, असे न्यायालय म्हणाले. शिवाय वर्तन प्रामाणिक होते का, हे सर्वसामान्य सभ्य माणसाच्या कसोटीवर ठरेल. आरोपीला स्वतःला काय वाटत होते यावर नाही, असेही सांगितले. त्यामुळे १९८२ पासून चालत आलेला निकष मागे पडला आणि इंग्लंडच्या फौजदारी कायद्यातली अप्रामाणिकपणाची व्याख्याच बदलली.

अमेरिकेत २०१६ मध्ये न्यायाधीशांनी फसवणुकीचा आरोप मान्य केला नाही, पण कॅसिनोच्या नियमांचा भंग झाल्याचे सांगून सुमारे १ कोटी १ लाख डॉलर परत करण्याचा आदेश दिला. वसुलीसाठी बोर्गाटाने २०१९ मध्ये आयव्हीच्या पोकर स्पर्धेतल्या बक्षिसावरही टाच आणली. अखेर २०२० मध्ये दोघांत तडजोड झाली.

भारतात हा प्रश्न कुठे येतो?

आपल्याकडे वाद फसवणुकीचा नसून कौशल्य आणि नशिबाचा राहिला आहे. मुंबई राज्यातल्या एका बक्षीस स्पर्धेच्या खटल्यात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याच्या स्पर्धा जुगारापासून वेगळ्या काढल्या. ऑनलाइन पोकर आणि रमीच्या कंपन्या याच भेदाचा आधार घेत होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने हा भेद ऑनलाइन खेळांपुरता मोडीत काढला. पैसे लावून खेळला जाणारा खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणजे लंडनमध्ये ‘कौशल्य वापरले कसे’ हा प्रश्न निर्णायक ठरला, तर भारतात कायद्याने ‘कौशल्य आहे का’ हा प्रश्नच बाजूला ठेवला. खेळाडूचे कौशल्य कितीही वादातीत असले, तरी त्याची किंमत शेवटी टेबलाबाहेरचे नियमच ठरवतात.